गाडीला मोठं काम निघालं, तर?

गॅरेजच्या चिठ्ठीवर आकडा असतो 42 हजारांचा, आणि गाडी धडधाकट असती तर बाजारात तिचे आले असते जेमतेम 80 हजार. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मेहुण्यापासून ऑफिसातल्या सहकाऱ्यापर्यंत सगळे एकच सल्ला देतात: किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येत असेल तर गाडी काढून टाका. विमा कंपन्याही असाच विचार करतात. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या 75 टक्क्यांपुढे गेला, की गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. विमा कंपनीला ते परवडतं, कारण तिला पैसे देऊन मोकळं व्हायचं असतं. तुम्हाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचं असतं.

म्हणून गाडीच्या बाजारभावाशी दुरुस्तीची तुलना करण्याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा असं विचारावं: गाडी आहे तशी, बिघडलेल्या अवस्थेत विकली तर किती येतील? समजा 45 हजार. त्यात दुरुस्तीचे वाचलेले 42 हजार घाला. 87 हजारांत कोणती गाडी येईल? येईल ती तुमच्याच गाडीची जुळी बहीण. तितकीच जुनी, तितकीच चाललेली. फरक एवढाच, की तुमच्या गाडीचं ऑइल कधी बदललं, ती कुठे आपटली, कोणत्या पावसात बंद पडली हे तुम्हाला ठाऊक आहे. नव्या बहिणीबद्दल एजंट सांगेल तेवढंच कळणार. बिघडलेल्या गाडीतला निदान बिघाड तरी कळलेला असतो.

आता दुसरी वाट, म्हणजे कर्ज काढून बऱ्यापैकी नवी सेकंडहँड गाडी घेण्याची. 3 लाखांचं कर्ज 12 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता 6,673 रुपये येतो आणि फेड होते 4 लाखांची. जुन्या गाडीवर 42 हजार घातले, शिवाय दर वर्षी किरकोळ कामांना 20 हजार धरले आणि ती दोनच वर्षं चालली, तर खर्च पडतो महिन्याला साधारण 3,400 रुपये. पण इथेच थांबून टाळी वाजवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. कर्जाची गाडी 5 वर्षांनी विकली तर लाख-सव्वा लाख परत येतील, म्हणजे महिन्याचे दोनेक हजार वजा. तिचं मायलेजही बहुधा बरं असणार. वर्षाला 8 हजार किलोमीटर फिरणाऱ्याची जुनी गाडी लिटरला 14 देत असेल आणि नवी 20 देणार असेल, तर 105 रुपये भावाने वर्षाचे 18 हजार वाचतात. तिच्या टायरचा, सर्व्हिसिंगचा आणि वाढीव विम्याचा खर्च घातला तरी पारडी जवळपास बरोबरीत येतात. मात्र वर्षाला 3 हजारच किलोमीटर गाडी चालत असेल, तर पेट्रोलची बचत पावणेसात हजारांवर येते आणि कर्ज काढण्याचं कारणच उरत नाही. आपण वर्षाला किती फिरतो हे बहुतेकांना माहीत नसतं. जुन्या पीयूसीच्या आणि सर्व्हिसिंगच्या पावत्यांवर त्या त्या दिवशीचं रीडिंग असेल, तर वजाबाकी करून पाहा; आकडा अंदाजापेक्षा कमीच निघेल, असं मी पैजेवर सांगेन.

या हिशेबात एक गोष्ट दिसत नाही. 42 हजार रुपये एकरकमी बहुतेक घरांत नसतात, आणि क्लचसाठी किंवा इंजिनाच्या कामासाठी कोणी गाडीकर्ज देत नाही. तीन लाखांची गाडी मात्र गहाणात घालता येते, म्हणून तिला कर्ज सहज मिळतं. कितीतरी लोक गाडी बदलतात ती गरज म्हणून नव्हे. कर्ज ज्या बाजूला मिळतं तिकडे ते ओढले जातात. अशा वेळी गावातली पतसंस्था, नोकरीच्या ठिकाणची पगारदारांची सोसायटी किंवा वर्षभरासाठी सोनेतारण यांचा विचार आधी करावा. 40 हजारांचं ओझं वर्षभरात उतरतं, 3 लाखांचं पाच वर्षं पाठीवर राहतं. आणि हात आखडला तर दुरुस्तीचं एखादं काम महिनाभर पुढे ढकलता येतं, हप्ता ढकलता येत नाही.

हे सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे: 42 हजार घालून गाडी खरोखर दोन वर्षं चालली पाहिजे. ते चिठ्ठीवरच्या एकूण रकमेवरून कळत नाही, कामांच्या यादीवरून कळतं. क्लच प्लेट, ब्रेकचे पॅड आणि लायनर, टायर, बॅटरी, शॉक अॅब्सॉर्बर, व्हील बेअरिंग ही झीज आहे. ती प्रत्येक गाडीला येते. तुम्ही घेणार असलेल्या सेकंडहँड गाडीलाही सहा महिन्यांत हीच कामं निघणार, कारण आधीच्या मालकाने बहुधा ती टाळण्यासाठीच गाडी विकलेली असते. झिजेच्या कामांचा खर्च कितीही वाटला तरी तो गाडी बदलायचं कारण होत नाही. त्यातही टायमिंग बेल्ट आधी. जुन्या अल्टोच्या 800 सीसी इंजिनात रबराचा बेल्ट असतो, नंतरच्या के-सीरिजमध्ये साखळी आली. ज्या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येतात, तिथे चालत्या गाडीत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि काही हजारांचं काम हेड उतरवण्यावर जातं. कंपनीने दिलेले किलोमीटर उलटले असतील आणि बेल्ट कधी बदलला हे आठवत नसेल, तर तो बदलायचाच आहे असं धरून चालावं.

झीज वेगळी आणि आजार वेगळा. मिस्त्री म्हणतो, ‘इंजिनाचं काम निघालंय, हाफ इंजिन करावं लागेल,’ तेव्हा बहुतेक लोकांच्या तोंडचं पाणी पळतं आणि ते एक तर मान डोलावतात, नाही तर गाडी विकायला काढतात. त्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट मागा. प्लग काढून त्या जागी गेज लावायचा आणि इंजिन स्टार्टरने फिरवायचं; दर सिलिंडरमध्ये दाब किती होतो ते दिसतं. आकडा किती आला यापेक्षा सगळ्या सिलिंडरचा आकडा सारखा आहे का, हे जास्त महत्त्वाचं. एखादा फारच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला, तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. वाढला नाही, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये आहे. पहिल्यात इंजिन पूर्ण खोलावं लागतं, दुसऱ्यात बहुधा वरचं हेड उतरवून भागतं. खर्चात दुपटीचा फरक पडू शकतो. तास-दीड तासाची ही तपासणी न करता इंजिन खोलायला निघालेल्या माणसाकडे मी तरी गाडी सोडणार नाही.

धूरही पुष्कळ सांगतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त येतंय किंवा हवा कमी; ते बऱ्याचदा एअर फिल्टर, प्लग, सेन्सर यांवर निभावतं. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, पिवळट साय दिसली तर संशय बळावतो, कारण पाणी आणि ऑइल एक होऊ लागलेलं असतं. गाडी गरम होते हे कळूनही ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणून चालवली की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. काटा लाल खुणेकडे गेला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. टोइंगचे दोन हजार वाचवायला गेलेल्यांनी वीस हजार घालवल्याची उदाहरणं कोणताही मिस्त्री सांगेल.

आणि ऑइल खाणारी प्रत्येक गाडी मरायला टेकलेली नसते. हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटर ऑइल लागत असेल, पिकअप बरा असेल आणि पीयूसी पास होत असेल, तर डिपस्टिक दर आठवड्याला बघून ऑइल भरत राहणं हाही उपायच आहे. वर्षाला 6 हजार किलोमीटरवाल्याला त्याचे हजार-दीड हजार पडतात. हाफ इंजिनाचे 35 हजार त्याने का घालावेत?

एस्टिमेट तोंडी घेऊ नका. सामान वेगळं, मजुरी वेगळी, असं लिहून घ्या. आणि ज्याला ते काम मिळणार नाही अशा दुसऱ्या मिस्त्रीला पाचशे-हजार देऊन गाडी दाखवा. मग यादीचे दोन भाग करा, आत्ताच करायचं आणि सहा महिन्यांनी चालेल ते. 42 हजारांच्या चिठ्ठीत दहा-बारा हजारांची कामं अशी ‘करूनच टाका’ प्रकारची निघतात. सामान स्वतः आणता येतं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला ही त्याची जुनी ठिकाणं. कार कंपन्या क्लच, बेअरिंग, शॉक अॅब्सॉर्बर स्वतः बनवत नाहीत. जो कारखाना त्यांना पुरवतो, तोच आपल्या नावाच्या खोक्यात ते बाजारात विकतो आणि बहुधा स्वस्त देतो. ते खुशाल घ्या. ब्रेकच्या बाबतीत मात्र बिननावाचं लोकल सामान नको. जुनं इंजिन आणून बसवण्याचा सल्ला मिळाला, तर इंजिन नंबर बदलतो हे विसरू नका. आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ज्या इंजिनाला बिल आणि कागद नाहीत, ते घेऊ नये.

दुरुस्तीच्या बाजूने एवढं बोलल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगतो: पत्रा सडला असेल तर पैसे घालू नका. रत्नागिरी, मालवण, गोवा या पट्ट्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून गाडी खालून खातात. दाराच्या खालच्या कडेचा किंवा चाकावरच्या कमानीचा गंज दिसायला वाईट, पण धोका मोठा नाही. बोलेरो किंवा जुनी सुमो यांसारख्या गाड्यांना वेगळी चासी असते. छोट्या गाड्यांना ती नसते, त्यांचा पत्राच सांगाडा असतो. म्हणून दारांखालचा उंबरठा, पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरची वरची बैठक, मागच्या सस्पेन्शनचे जोड आणि पायाखालचा पत्रा, या चार जागी गंज लागला की गाडीची अपघातात टिकण्याची ताकदच जाते. गाडी रॅम्पवर चढवून या जागी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. खवले पडले तर घासून, रंग लावून चालेल. टोक आरपार गेलं तर निकाल लागला. टिनकाम करणारा तुकडा जोडून, वर लांबी भरून, रंग मारून देईल आणि गाडी छान दिसेलही. पुढच्या पावसाळ्यानंतर शेजारचा पत्रा सुटेल. गाडी अजून चांगली असेल तर दारांच्या आणि उंबरठ्याच्या तळाशी पाणी निघून जायला ठेवलेली भोकं पावसाळ्याआधी तारेने मोकळी करा. त्याला काही खर्च नाही.

सामान मिळतं का, हाही निकाल लावणारा प्रश्न आहे. मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, तरी तिचं सामान तालुक्याच्या गावी मिळतं, कारण गाड्या लाखोंनी खपल्या. उलट तळेगावला कारखाना असलेल्या शेवरोलेने 2017 च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, आणि फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. सर्व्हिसिंगचं सामान मिळत राहतं. अडतं ते हेडलाइट, बंपर, एखादं कंट्रोल युनिट असल्या वस्तूंवर. फियाटचा मासला मजेशीर आहे. तिच्या गाड्या बाजारातून गेल्या, पण रांजणगावला बनणारं तिचं 1.3 लिटरचं डिझेल इंजिन टाटांच्या गाड्यांतही बसलं आणि मारुतीने तेच परवान्याने बनवून स्विफ्टमध्ये घातलं. त्यामुळे लिनियाचं इंजिन कोणीही खोलून देईल, पण तिचा मागचा दिवा शोधत फिरावं लागेल.

कागदांकडे वळू. आपल्याकडे अजूनही अनेकांना वाटतं की 15 वर्षं झाली की गाडी भंगारात गेली. ते दिल्ली परिसराबद्दल ऐकलेलं असतं. हरित लवादाच्या आदेशांतून 10 वर्षांची डिझेल आणि 15 वर्षांची पेट्रोल अशी वयोमर्यादा तिथे आली. महाराष्ट्रात खासगी गाडीला सरसकट तसा नियम नाही. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, ती टॅक्सीला असलेल्या 20 वर्षांच्या मर्यादेमुळे. खासगी पद्मिनी आजही कोणी हौशी चालवतो. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि गाडी तपासणीत पास झाली की पुढे पाच-पाच वर्षांनी वाढते. त्यालाच आपण रिपासिंग म्हणतो. एप्रिल 2022 पासून मोटारीची ही फी 600 वरून 5,000 रुपये झाली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या गाडीसाठी ती 10,000 करण्यात आली. वर राज्याचा पर्यावरण कर. मुदत संपण्याआधी 60 दिवस अर्ज करता येतो. उशीर झाला तर महिन्याला 500 रुपये दंड. त्यामुळे गाडीचं चौदावं वर्ष चालू असताना मोठं काम निघालं, तर रिपासिंगचा खर्च त्याच चिठ्ठीत मिळवून बेरीज करा. आणि मोठ्या कामाच्या जोडीला रिपासिंग होऊन गेलं, तर पुढची पाच वर्षं कागदांची चिंता नाही, हीही जमेची बाजू आहे.

इथेनॉलच्या भीतीने गाडी विकणारेही भेटतात. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि त्यासाठी बनवलेल्या गाड्या 2023 पासूनच्या. जुन्या गाडीत मायलेज थोडं घटतं आणि काही रबरी नळ्या, गॅस्केट लवकर बदलावी लागू शकतात. इंधनाची नळी चिरलेली नाही ना, हे सर्व्हिसिंगला बघत जा. त्यासाठी गाडी बदलायची गरज नाही.

जुनी गाडी बदलण्याचं मला पटणारं कारण सुरक्षिततेचं आहे. एबीएस एप्रिल 2019 पासून आणि ड्रायव्हरसमोरची एअरबॅग जुलै 2019 पासून मोटारींना सक्तीची झाली. शेजारच्या सीटसमोरची 2021 च्या अखेरीपासून. 2010 च्या साध्या मॉडेलमध्ये यातलं काहीच नसतं आणि कितीही पैसे घालून ते नंतर बसवता येत नाही. गावातल्या गावात शाळा, दवाखाना, बाजार एवढीच धाव असेल तर चालून जाईल. पण रोज खंबाटकी ओलांडणाऱ्याने किंवा मुलाबाळांसह मुंबई-गोवा महामार्गावर वारंवार जाणाऱ्याने, वरचा सगळा हिशेब दुरुस्तीच्या बाजूने लागला तरी, 2019 नंतरची गाडी शोधावी. जुनी ठेवायचीच असेल तर निदान टायर आणि ब्रेक यांत काटकसर नको; एसीचं काम थांबू शकतं.

सेकंडहँड गाडी घ्यायची ठरलीच तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेल्या गाडीचं कार्पेट बदलतात, बेल्टच्या आतल्या टोकाचा चिखलाचा डाग बहुधा तसाच राहतो. सीटखालच्या बोल्टांना गंज असेल तर गाडीत पाणी शिरलं होतं असं समजा. बँकेचा बोजा उतरला आहे का, चलनं थकली आहेत का, हे पैसे देण्याआधी तपासा. दिल्लीकडून स्वस्तात आलेली डिझेल गाडी दाखवली, तर एनओसी, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि नवा एमएच नंबर मिळेपर्यंतचा खर्च किमतीत घाला. स्वस्ताई बरीचशी तिथेच संपते. भाव करताना आणखी एक मुद्दा हाताशी ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे आणि उपकरही गेला आहे, तेव्हा त्याआधीच्या भावांवर बेतलेली किंमत कोणी सांगत असेल तर ती मान्य करू नका.

आणि गाडी काढायची ठरली, तर ती नुसती भंगारवाल्याला ओढून देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली की प्रमाणपत्र मिळतं. केंद्राच्या धोरणानुसार नव्या मॉडेलच्या शोरूम किमतीच्या 4 ते 6 टक्के एवढी भंगाराची किंमत आणि नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात 25 टक्क्यांपर्यंत सूट, असा त्याचा फायदा; राज्यागणिक सूट कमी-जास्त आहे. चालती गाडी दुसऱ्याला विकलीत, तर फॉर्म 29 आणि 30 वर नुसत्या सह्या करून मोकळे होऊ नका. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे, की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते. मध्ये गाडी किती हातांतून गेली याने फरक पडत नाही. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते कळवा, फास्टॅग बंद करा, आणि महिन्याभराने परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून आपलं नाव निघालं आहे ना, ते स्वतः पाहा.